प्रतिनिधी घर

सरासरी घर नावाचं घर जगात कुठेच नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. राज्यातल्या सगळ्या घरांच्या विजेची बेरीज करून तिला घरांच्या संख्येने भागलं, तर जे घर हाती लागतं त्यात गीझर दिवसभर कोमट चालू असतो, टीव्ही चोवीस तास दबक्या आवाजात बोलत असतो आणि माणसं सव्वातीन असतात. अशा घरावर भरवसा ठेवून विजेचं नियोजन केलं तर संध्याकाळी सातला अंधार ठरलेला. म्हणून आम्ही सरासरी काढत नाही, खरं घर निवडतो.

आम्ही म्हणजे नाशिकचं ऊर्जा समतोल केंद्र, आणि आमच्या गणिताचं नाव 'तोल'. कोळसा होता तोवर काम सोपं होतं. वीज लागली की जाळायचा, नको झाली की कमी जाळायचा. आता ऊन आणि वारा देतील तेव्हा घ्यायचं, बॅटऱ्यांत साठवायचं, दुपारच्या उन्हाच्या विजेने पाणी घाटावर चढवून ठेवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून पुन्हा वीज करायची. संध्याकाळी किती लागणार हे सकाळीच माहीत असावं लागतं. रोज दहा वाजता तोल त्या संध्याकाळचा हिशेब करतो आणि घाटावर किती पाणी राखायचं ते सांगतो.

पण तीन कोटी घरं एकेक करून कुठल्याही गणितात बसत नाहीत. म्हणून त्यांचे सहाशे गट आहेत, आणि प्रत्येक गटातून एक घर. असं घर, की जे गटातल्या बाकी सगळ्यांशी जास्तीत जास्त मिळतंजुळतं आहे. त्याला प्रतिनिधी घर म्हणतात. त्याने दिवा लावला की तोल समजतो, गटातल्या सगळ्यांनी लावला. ते घर कोणाचं, कुठलं, हे आम्हालाही कळत नाही. फक्त क्रमांक दिसतो. चुकून ओळख पटलीच तर कळवायचं आणि त्या घराच्या वाटेला जायचं नाही, असा कडक नियम. त्या घरात ढवळाढवळ म्हणजे लाखो घरांत ढवळाढवळ.

माझ्याकडे गट चारशे सतरा होता. साठीच्या पुढचं एकटं माणूस, दोन खोल्यांचं घर. अशी साडेतीन लाख घरं राज्यात आहेत.

सहा वर्षं मी ते प्रतिनिधी घर पाहत होते. पहाटे पाच दहाला शेगडी तीन मिनिटं, म्हणजे एक कप चहा. पावणेसहाला गीझर. संध्याकाळी सात ते आठ टीव्ही. मागच्या खोलीतला दिवा वर्षानुवर्षं लागलेला नाही. साडेनऊला सगळं बंद, आणि गेली दोन वर्षं रात्रभर चालणारं साडेतीनशे वॅटचं काहीतरी. तोलने त्याला चिठ्ठी लावली होती: 'छोटा हीटर, ऐच्छिक'. ऐच्छिक म्हणजे वेळ पडली तर माणूस बंद करू शकेल असं. ती चिठ्ठी मीच तपासून मंजूर केली होती.

खोटं कशाला बोलू, मला त्या घराची सोबत वाटायची. मी चव्वेचाळीस वर्षांची, माझ्या फ्लॅटमध्ये माझीही शेगडी तीन मिनिटंच चालते. कधीकधी पाच दहाला जाग आली की मी उठून चहा टाकायची, आणि कुठेतरी दुसरं कोणीतरी आत्ता हेच करतंय या विचाराने मला बरं वाटायचं. ऑफिसात हे कोणाला सांगितलं असतं तर माझी रवानगी थेट समुपदेशकाकडे झाली असती.

डिसेंबरात मुके दिवस आले. ऊन नाही आणि वाराही नाही अशा दिवसांना आमच्या ऑफिसात मुके दिवस म्हणतात. अवकाळी ढग कच्छपासून गडचिरोलीपर्यंत पसरले आणि पवनचक्क्या उभ्याच्या उभ्या राहिल्या. वर्षातून चार-पाच दिवस असे धरलेलेच असतात. घाटावरचं पाणी त्यासाठीच तर राखतो. पण या खेपेला काहीतरी बिनसलं होतं. पाणी कागदावर पुरत होतं आणि संध्याकाळी प्रत्यक्षात कमी पडत होतं.

कमी पडतंय हे फ्रिक्वेन्सीवरून कळतं. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मागणी आणि पुरवठा जुळला की पन्नास. मागणी वाढली की एकोणपन्नास पूर्णांक नऊ, आठ, सात, असं घसरायला लागतं, चढावर बैलगाडी मंदावते तसं. साडेएकोणपन्नासला आलं की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप गावंच्या गावं तोडते. पहिल्या संध्याकाळी आम्ही एकोणपन्नास पूर्णांक ऐंशीपर्यंत घसरलो. दुसऱ्या संध्याकाळी बहात्तर, तिसऱ्या संध्याकाळी सदुसष्ट.

सगळे वाऱ्याच्या अंदाजवाल्यांना धारेवर धरत होते. मी माझ्या सवयीने एकेक गट काढून उरलेलं गणित पुन्हा चालवत बसले. चारशे सतरा काढला आणि तूट नाहीशी झाली.

तोलचं म्हणणं असं होतं, की मुक्या संध्याकाळी या गटातलं प्रत्येक घर सहाशे वॅट कमी करतं. सहाशे गुणिले साडेतीन लाख, म्हणजे दोनशे दहा मेगावॅट. तेवढं पाणी तोल राखतच नव्हता. पण वस्त्यांच्या तारांवर पाहिलं तर एकटी म्हातारी माणसं काहीच कमी करत नव्हती. का करतील? टीव्ही हीच त्यांची संध्याकाळ. कमी करत होतं ते फक्त एक घर, प्रतिनिधी घर. आम्ही घरं निवडतो ती वर्षातल्या बारा साध्या दिवसांवरून. साध्या दिवशी ते घर साडेतीन लाखांसारखंच होतं. वाईट दिवशी ते कोणासारखंच नव्हतं, आणि वाईट दिवस आम्ही निवडीत धरलेच नव्हते. ही पद्धत माझीच, सहा वर्षांपूर्वी टाळ्या मिळवलेली.

मग मी त्या घराच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी काढल्या आणि शेजारी फ्रिक्वेन्सी मांडली. फ्रिज, टीव्ही, दिवे, तो 'हीटर', सगळं बंद होत होतं ते घड्याळ पाहून नव्हे. एकोणपन्नास पूर्णांक ऐंशीवर आलं की बंद, नव्वदच्या वर आलं की चालू. रोज, न चुकता. दोन खोल्यांत राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला फ्रिक्वेन्सी कळते कशी? त्यासाठी घरात फ्रिक्वेन्सी मीटर पाहिजे.

तसा मीटर असलेलं एकच घर मला माहीत होतं. मी त्या घरात वाढले होते.

माझे वडील दिवाकर निमगडे चंद्रपूरच्या पलीकडच्या एका थर्मल वीजकेंद्रात ऑपरेटर होते. एकोणतीस वर्षं तीन नंबरच्या वीजनिर्मिती संचावर. कंट्रोल रूम नवी झाली तेव्हा भंगारात निघालेला पात्यांचा फ्रिक्वेन्सी मीटर त्यांनी घरी आणला आणि आईच्या डब्यांच्या फळीवर बसवला. बारीक लोखंडी पात्यांची रांग, पन्नासला मधलं पातं थरथरतं, कमी झालं की डावीकडचं. लोडशेडिंगचे दिवस होते. डावीकडचं पातं हललं की बाबा उठून टीव्ही बंद करायचे. माझं कार्टून अर्ध्यात जायचं आणि मी भोकाड पसरायची. ते म्हणायचे, "ग्रिड थकली हाय बाई. आपण थोडं कमी घेऊ."

चौदा वर्षांपूर्वी मी तोलमध्ये नवी होते. कुठला संच कधी बंद करावा हे तोल सांगत होता आणि बाबांच्या थर्मलचं नाव उन्हाळ्याआधी आलं. अहवालावर चार सह्यांत माझीही सही. बाबांच्या निवृत्तीला नऊ महिने होते. ते भांडले नाहीत. म्हणाले, "गणित बरोबर असन तुझं. पण एका संचानं काय बिघडत होतं? नऊ महिने थांबलं असतं." मी म्हणाले, "एका संचाने काही बिघडत नाही बाबा, एका संचाने काही सुधारतही नाही. गणितात एकटा कोणी नसतो." शेवटच्या पाळीला त्यांनी स्वतःच्या हाताने संच बंद केला. त्यानंतर आमचं बोलणं बुद्धपौर्णिमेच्या फोनवर आलं. गेल्या पौर्णिमेला ते सारखे खोकत होते. धूळ हाय, म्हणाले.

मग मला तो हीटर आठवला. तो मे महिन्यातही रात्रभर चालत होता. मे महिन्यात हीटर कोण लावतं? दोन वर्षं मी तो आकडा बघत होते आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. साडेतीनशे वॅट, रात्रभर, कोळशात आयुष्य काढलेला माणूस. आमच्या वसाहतीत असे कितीतरी जण होते, मला ते यंत्र चांगलं माहीत होतं. ते हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन होतं. बाबांना आता संध्याकाळीही ते लागत होतं, आणि मुक्या संध्याकाळी ग्रिड थकली की ते आपला श्वास बंद करून तिला हातभार लावत होते.

मी फोन केला. सात वाजले होते. उचलला नाही. भाराच्या वेळी ऑपरेटर फोन घेत नसतो.

तारकुंडे सर माझे वरिष्ठ, वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ओळख उघडून पाहिलीत?"

"नाही. पण माझी खात्री आहे."

"मॅडम, खात्रीवर दोनशे दहा मेगावॅट मागता येत नाहीत. तेवढं पाणी उद्या राखायचं तर कुठल्यातरी शहराची दुपार अंधारात घालावी लागेल. ओळख उघडायला समितीची परवानगी लागते, तीन आठवडे. आणि तुम्ही त्या घराशी संपर्क करू शकत नाही. तुम्हीच लिहिलाय तो नियम."

ते चुकीचं काही बोलत नव्हते, याचाच मला राग आला. मी चार दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं 'घरगुती', आणि रात्रीची गाडी धरली.

चंद्रपूरला उतरले तेव्हा दुपार होती, पण उजेड संध्याकाळचा. वसाहतीतली निम्मी घरं बंद. चिमण्या पाडून टाकलेल्या, राखेच्या तळ्यावर सौर पट्ट्या अंथरलेल्या, आणि ढगांखाली त्याही आमच्या दारासारख्या मळकट दिसत होत्या. दार लोटलेलंच होतं. बाबा खुर्चीत बसले होते. नाकाशी नळी, पायाशी मशीन घरघरत होतं. किती बारीक झाले होते ते.

"गाडी टायमावर होती का?" त्यांनी विचारलं. जणू मी सकाळी बाजारात गेले होते.

"हे कधीपासून?"

"झाले दोन वर्षं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काहून नाही?"

मी पिशवी ठेवली आणि चहाला लागले. शेगडीवर दोन कप पाणी ठेवताना आपण नियम मोडतोय याची मला जाणीव होती.

"या मशीनची नोंदणी करायची असते बाबा. घर राखीव होतं. वीज गेली तरी तुमची जात नाही."

"फॉर्म भरून काय सांगू? का मले श्वास घेता येत नाही म्हणून? मले काय धाड भरली."

सहा चाळीसला त्यांनी चष्मा लावला आणि वही घेतली. फळीवर मीटर तसाच होता, एका बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला आईचा. दर वीस मिनिटांनी नोंद. चौदा वर्षांच्या वह्या कपाटात एकावर एक होत्या. एकोणपन्नास त्र्याण्णव. एकोणपन्नास पंच्याऐंशी. सात वाजता डावीकडची पाती थरथरायला लागली. बाबा उठले. फ्रिज बंद. टीव्ही बंद. दिवा बंद. मग अंधारात ते वाकले आणि त्यांचा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

"बाबा, ते नको."

"अर्धा-पाऊण तास चालते मले. हळूहळू श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. रोज करून रायलो."

"तुमच्या एका मशीनने काय होणार आहे?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. बाबांनाही कळलं.

"तेच म्हणलं होतं तू," ते म्हणाले. "एका संचानं काय होते, एका माणसानं काय होते. आमी असं नाही शिकलो बाई. ग्रिड पडते तवा कोणीतरी पहिला हात काढा लागते."

रडून, चिडून, शपथ घालून ते ऐकणार नव्हते. बाबा एकाच गोष्टीपुढे मान तुकवतात, आकड्यापुढे. मी अंधारात त्यांच्यासमोर बसले आणि जे सांगायला मला सक्त मनाई होती ते सगळं सांगितलं. गट, साडेतीन लाख घरं, निवड, गुणाकार. ते ऐकत होते, पाळी बदलताना आधीच्या ऑपरेटरचं ऐकतात तसं, मध्ये न बोलता.

"म्हणजे हे घर त्या सगळ्यायच्या नावानं धरलं हाय."

"हो."

"मी बंद केलं का तुझं मशीन समजते, साडेतीन लाख लोकायनं बंद केलं."

"हो."

"अन् दुसऱ्या दिवशी तेवढं पाणी राखत नाही."

"हो."

"मंग सांजच्याले कमी पडते. पाती खाली येतात. मी आणखीन बंद करतो." मशीनपाशी नेलेला हात त्यांनी मागे घेतला. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. "म्हणजे ग्रिड मीच पाडून रायलो."

"तुम्ही नाही. माझं गणित."

"किती धरते घराले?"

"सहाशे वॅट."

त्यांचे ओठ हलले. त्यांना कागद लागत नाही. "दोनशे दहा," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "आपला तीन नंबर."

हे मला नाशिकमध्ये सुचलं नव्हतं. बाबांच्या संचाची क्षमता दोनशे दहा मेगावॅट होती. मी बंद करवलेला संच गेल्या काही दिवसांत, मुक्या संध्याकाळी, तोलच्या हिशेबात पुन्हा चालू झाला होता आणि त्यात कोळशाऐवजी बाबांचा श्वास जळत होता. बाबा हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पाठ वाकली, आणि मी ती चोळत बसले. आईच्या मातीनंतर पहिल्यांदा मी त्यांना हात लावला.

"आता काय करा लागते?"

"काही नाही. सगळं चालू ठेवायचं. तोल रोज सकाळी आदल्या संध्याकाळवरून शिकतो. उद्या तो पाणी राखेल."

"अन् आज?"

"आज सोसायचं."

त्यांनी एकेक करून सगळं चालू केलं. ग्रिड थकलेली असताना दिवा लावणं त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं. सात वीस, एकोणपन्नास बहात्तर. सात चाळीस, चौसष्ट. दोनदा त्यांचा हात आपसूक बटणाकडे गेला आणि दोनदा मी तो धरला. दुसऱ्या वेळी सोडला नाही. आठला पाती साठावर आली. आणखी दहा घसरली की गावं तुटणार होती, आणि मग बाबांचं मशीन कोणाला न विचारता बंद पडणार होतं. माझ्या गणिताची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. आठ वीसला पाती जराशी उजवीकडे सरकली. बाबांनी नोंद केली आणि म्हणाले, "वर येऊन रायली."

दुसऱ्या दिवशी दहाला मी फोनवर तोलचा हिशेब पाहिला. ढग तेच, वारा तोच. चारशे सतराच्या रकान्यात सहाशेऐवजी शून्य होतं आणि घाटावर दोनशे दहा मेगावॅटचं पाणी जास्त राखलं होतं. समितीला तीन आठवडे लागले असते. त्या संध्याकाळी पाती एकोणपन्नास पूर्णांक नव्वदच्या खाली गेलीच नाहीत. बाबा साडेसहापासून फळीपुढे खुर्ची टाकून बसले होते. रात्री मी त्यांची वही पाहिली. तारखेखाली त्यांनी लिहिलं होतं: संच तीन, पूर्ण भार.

तिसऱ्या संध्याकाळी मी म्हणाले, "ते नऊ महिने मला गणितात घालता आले असते बाबा. एक ओळ होती. फारसा फरकही पडला नसता."

"माहीत हाय मले. मीबी लॉग लिहिला एकोणतीस वर्षं. एक ओळ कवाबी लिहिता येते."

"तुम्ही माझे वडील होतात म्हणून नाही घातली."

"तेबी माहीत हाय." मग ताट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जेवून घे. भाजी थंडी होऊन रायली."

निघताना त्यांनी विचारलं, "साडेतीन लाख एकट्यायचा मीच म्होरक्या होय का? दुसरा कोणी भेटला नाही?" मी त्यांना सांगितलं, की घरात माणसं दोन झाली तर तोल घर बदलतो. शेगडी तीन मिनिटांऐवजी पाच चालली, मागच्या खोलीत दिवा लागला, असं सलग सात दिवस दिसलं की ते घर एकट्यांच्या गटातून निघतं. त्यांनी फक्त हूं केलं. मी चारच दिवस राहिले होते. मशीनची नोंदणी मात्र त्यांच्या सहीने करूनच आले.

नाशिकला परतल्यावर मी नियम मोडल्याचं लेखी कळवलं. तारकुंडे सरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चूक तुमची, दुरुस्तीही तुमची, आणि दोन्ही नियमाबाहेर. मी काय लिहू?" त्यांनी चौकशी लावली. महिनाअखेरीला चारशे सतरा माझ्याकडून जाणार होता. तोवर त्या घराच्या नोंदी मी उघडायच्या नव्हत्या, आणि मी उघडल्या नाहीत. पाच दहाला जाग यायची. चहा टाकायची. पण आता ते कोणीतरी कोण आहे हे माहीत होतं, आणि त्यामुळे सोबत वाटण्याऐवजी फ्लॅट अधिकच रिकामा वाटायचा. माणसाला दुरून ओळखण्यात मी सहा वर्षं घालवली होती आणि त्याला सोबत म्हणत होते, याची मला लाज वाटली.

परतल्यावर चौथ्या दिवशी तोलची सूचना आली. अशा सूचना आपोआप येतात आणि गट ज्याच्याकडे असेल त्याला मंजूर कराव्या लागतात. 'गट ४१७. प्रतिनिधी घर गटातून वगळावे. रहिवासी: दोन. शेगडी पाच मिनिटे, मागील खोलीतील दिवा रात्री दहापर्यंत, सलग सात दिवस.'

मी तारखा मोजल्या. चार दिवस माझे. उरलेले तीन दिवस घरात बाबा एकटेच होते.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. पाच दहाला दोन कप चहा, आणि दुसरा कप निवत जाणारा. मागच्या खोलीत, माझ्या खोलीत, रात्री दहापर्यंत दिवा. मुद्दाम करत होते की सवय लागली होती, कोण जाणे. बाबांनी ग्रिडचा एक वॅट कधी वाया घालवला नव्हता.

खाली आक्षेपाचा रकाना होता. तोलची ही चूक होती आणि ती माहीत असणारी मी जगात एकटीच होते. खरं तेच लिहायचं तर एक ओळ लिहायची होती. चौदा वर्षांपूर्वी मी खरं तेच लिहिलं होतं.

मी लिहिलं: 'रहिवासी दोन. तपासले. आक्षेप नाही.'

वगळलेलं घर तोल सात दिवसांनी पुन्हा एकदा तपासतो. मी चंद्रपूरच्या उपकेंद्रात बदलीचा अर्ज भरला, तो मंजूर होईतो बिनपगारी रजेचा भरला, आणि तारकुंडे सरांच्या टेबलावर दोन्ही ठेवून आले. मग गाडीचं तिकीट काढायला बसले. परतीची तारीख विचारणारा रकाना आला, तो मी रिकामा सोडला.